हळदीचं बोट

भगिनींनो, तुळशीचं लग्न झालं की तुमच्या पत्रांचा रोख बदलतो. लोणची-पापड मागे पडतात आणि रेशमी साडीवरचा डाग कसा काढावा, दुकानदार साडी परत घेत नाही तर काय करावं, असं विचारणं सुरू होतं. त्या पत्रांना उत्तर म्हणून या खेपेला माझीच फजिती सांगते. फजिती हा शब्द हलका झाला. त्यात घरातले पैसे गेले, आणि ते माझे नव्हते.

गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न निघालं. कांद्यानं त्या वर्षी बरा हात दिला होता, म्हणून भाऊजी म्हणाले, काही झालं तरी पोरीला खरी हातमागाची पैठणी घ्यायची. आमच्या गावाहून येवला काही लांब नाही. मी, धाकटी जाऊ आणि भाऊजी सकाळच्या एसटीनं गेलो. दुकानात दोन साड्यांवर जीव अडकला. एक हिरवी, आणि एक मोतिया अंगाची, जांभळ्या काठाची, पदरावर मोर. दोन्हींची किंमत सारखीच, अठरा हजार पाचशे. नवरी मुलगी परीक्षेमुळे बरोबर नव्हती. आमची चुळबुळ पाहून शेठच म्हणाले, "दोन्ही न्या, मुलीला दाखवा. नको असेल ती आठ दिवसांत आणा, पैसे परत देतो. फक्त घडी मोडू नका आणि बिल जपा." भाऊजींनी दोन्हींचे पैसे मोबाइलवरून भरले. शेठनी बिलावर हातानं लिहून दिलं, एक साडी परत, मुदत आठ दिवस.

मुलीनं घरी हिरवीवर हात ठेवला. मोतिया परत जायची ठरली, आणि तिचे येणारे पैसे मंडपवाल्याच्या नावानं मांडून ठेवले गेले. लग्नघरात पैसा असाच चालतो, तुम्हाला ठाऊक आहे. यायच्या आधीच तो खर्चाला लागलेला असतो.

चौथ्या दिवशी थोरल्या वन्सं आल्या. "परत जायच्या आधी मला बघू तरी द्या," म्हणाल्या. जाऊ म्हणाली, "ताई, काढा हो ती, वन्संना दाखवा." मी तेव्हा लग्नासाठी दळून आणलेली हळद चाळून डब्यात भरत होते. हात धुतले. धुतले म्हणजे पाण्याखालून काढले. नखांत आणि बांगड्यांच्या आतल्या अंगाला हळद तशीच. हात नीट पुसायलाही थांबले नाही. कपाट उघडून साडी काढली, पदर थोडा उलगडून धरला, आणि ठेवताना बघते तो पदराच्या अलीकडे मोतिया रेशमावर पिवळं बोट. एक नव्हे, दोन.

इथपर्यंत जे झालं ते अपघातानं झालं. पुढचं सगळं मी माझ्या हातानं केलं.

वन्सं चहाला स्वयंपाकघरात गेल्या तशी मी साडी मोरीपाशी नेली आणि ओल्या फडक्यावर साबण घेऊन डाग चोळला. डाग लालभडक झाला. मला वाटलं, रेशमाचा रंगच गेला. तसं नव्हतं. हळदीला साबण, सोडा, चुना असलं काही लागलं की ती लाल होते. हळदीला चुना देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चाललेली. आणि आंबट लागलं की ती पुन्हा पिवळी होते. मला त्या वेळी एवढंच आठवलं की लिंबानं डाग जातो. लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं, आणि आता ते दोन बोटांचं न राहता तळहाताएवढं झालं. मग ओलं लवकर वाळावं म्हणून इस्त्री फिरवली. उष्णतेनं डाग आणखी धरला, आणि पाणी जिथवर पसरलं होतं तिथवर वाटीच्या बुडासारखी कडा उमटली. अर्ध्या तासात मी एवढा पराक्रम केला.

तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते आता सांगते. कोरडी हळद असेल तर फुंकून, झटकून टाका, बोटानं चोळू नका. ओली असेल तर स्वच्छ कोरडं सुती फडकं वरून नुसतं दाबून जेवढं टिपून येईल तेवढं टिपा आणि थांबा. साबण नाही, पाणी नाही, इस्त्री तर नाहीच. पांढऱ्या सुती कापडावरची हळद उन्हात फिकी होते हे खरं, म्हणून धोतराला ऊन चालतं. रेशीम मात्र कडक उन्हात स्वतःच पिवळं पडतं आणि विरायला लागतं. कपडे पांढरे करण्याचं ते क्लोरीनचं पाणी रेशमाला थेंबभरही लावू नका, ते धागाच खातं. तेलातुपाचा डाग असेल तर शंखजिऱ्याची पूड किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरून तासभर ठेवा, ती तेल ओढून घेते, मग हलक्या हातानं झटका. याच्या पुढचं काम रेशमाचं जाणणाऱ्या धुलाईवाल्याचं. त्याला डाग कशाचा आहे आणि आपण त्यावर काय काय लावलं, ते खरं सांगावं लागतं. ते लपवलं तर तो भलतंच औषध लावील.

तर, जाऊनं साडी पाहिली आणि मटकन खाली बसली. मग उठून तिनं दार लोटलं. म्हणाली, "ताई, घडी अशी घालू की हे आत जाईल. दुकानात रोज शंभर साड्या उलगडतात, कोण बघतंय? आठ दिवसांच्या आत नेतोय, बिल आहे." पुतण्या तिथंच होता. तो म्हणाला, "काकू, मोबाइलवर मागवलेले कपडे लोक लग्नात घालून मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवतात. तुम्ही तर नुसतं बोट लावलंय."

पैसे जाऊचे, मंडप तिच्या मुलीचा, आणि डाग माझा. अशा वेळी मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मी गप्प बसले. खरं सांगते, घडी मीच घातली. पैठणीची घडी घालणं मला चांगलं जमतं. डाग कुठेच दिसेना.

रात्री झोप आली नाही, ती काही पुण्यवान आहे म्हणून नव्हे. आमच्या शेजारच्या सूनबाई लग्नाआधी एका शहरात साड्यांच्या दुकानात कामाला होत्या. एकदा परत आलेल्या साडीत डाग निघाला. आणून देणारी बाई केव्हाच निघून गेलेली. शेवटची घडी कुणी घातली, तर या पोरीनं. तिच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले. हे तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, सहज. येवल्याच्या दुकानात आम्हाला साड्या दाखवणारी मुलगीही अशीच वीस-बावीस वर्षांची होती. तिनं आमच्यासाठी तासभर चाळीसेक साड्या उलगडल्या आणि परत घातल्या, कपाळाला आठी नाही. मोतिया साडीवर हात ठेवून ती म्हणाली होती, "काकू, हिचा मागचा मोर बघा." पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, उलटीकडे धागे लोंबत नाहीत. रंगारंगाचे धागे हातानं आत घेत तो मोर विणतात. एका साडीला महिना-महिना लागतो, नक्षी दाट असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

पहाटे मी भाऊजींना सांगितलं. जाऊला न विचारता सांगितलं, ही माझी दुसरी चूक म्हणा हवं तर. ती त्याबद्दल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाऊजी काही न बोलता मोटर चालू करायला गेले. तासाभरानं परत आले आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, मग मंडपवाल्याचं काय?" मी म्हटलं, "दुकानात जाऊन येऊ, मग बोलू. जे कमी पडेल ते मी भरीन." आमच्या यांनी मान हलवली. यांच्याकडून तेवढं पुरे असतं.

दुकानात गेल्यावर बसायच्या आधीच सांगून टाकलं. शेठ, ही परत आणलीय, पण माझ्या हातून खराब झालीय, आधी बघा. शेठनी पांढऱ्या चादरीवर साडी टोकापासून टोकापर्यंत उलगडली, उजेडाला धरली आणि म्हणाले, "साबण लावलात ना? मग लिंबू?" परत आलेली प्रत्येक साडी ते अशीच पूर्ण उलगडून बघतात. म्हणजे आमची ती आतली घडी मिनिटभरही टिकली नसती. पण हे आदल्या रात्री मला कुठे ठाऊक होतं?

शेठ काही देवमाणूस निघाले नाहीत. स्पष्ट म्हणाले, "वहिनी, ही मी परत घेऊ शकत नाही." आणि त्यांचं बरोबर होतं.

कायद्याचं इथंच सांगते, कारण पत्रांत फार गोंधळ दिसतो. मालच मुळात सदोष निघाला, म्हणजे न नेसताच जरीचा धागा काळा पडला, काठ उसवला, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूला आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नाकारणं ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. पण नुसतं मन बदललं म्हणून साडी परत घेणं हे दुकानदारानं दिलेल्या शब्दावर आणि त्याच्या अटींवर चालतं. घडी मोडू नका म्हटलं आणि आपण मोडली, डाग पाडला, तर तो शब्द त्याच्याकडून सुटला. पैसे न भरता नुसती पसंतीसाठी आणलेली साडी, याचं आणखी वेगळं. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे ती आपण पसंत करेपर्यंत दुकानदाराचीच असते. ठरलेली मुदत उलटली आणि काही न कळवता घरातच ठेवली, की ती आपण घेतली असं धरतात. आणि ताब्यात असताना आपल्या निष्काळजीपणानं खराब झाली तर भरपाई आपल्याकडे येते. म्हणून असा माल घरात आला की तो दाखवण्याचं काम एकाच बाईकडे द्या, खाली धुतलेली चादर अंथरा, हात धुवून पुसून घ्या, बांगड्यांसकट. पार्सलानं आलेलं असेल तर पुडा फोडताना ब्लेड आत घालू नका. तसे कापलेले ब्लाउजपीस मी दोन पाहिलेत.

पुढे काय झालं ते सांगते. शेठनी नाशिकच्या एका धुलाईवाल्याकडे साडी पाठवली. त्याचे सहाशे रुपये आम्ही दिले. पिवळं बरंच उतरलं, पाण्याची कडा राहिली ती राहिली. शेठ म्हणाले, "डाग दाखवूनच विकीन. येईल ते तुमचं." वीस दिवसांनी बारा हजार आले. एका आजीबाईंनी नातींच्या परकर-पोलक्यासाठी घेतली म्हणे. डागाचा भाग कापात काढता येतो. पैठणीला कात्री लावायची म्हटलं की माझ्या पोटात खड्डा पडतो, पण बोलायचा हक्क मला उरला नव्हता.

साडीत साडेसहा हजार गेले, वर धुलाईचे सहाशे. मंडपवाला महिनाभर थांबला, थोडं कुरकुरला. ते सात हजार शंभर मी दुधाच्या पगारातून महिन्याला पाचशे असे फेडते आहे. भाऊजी नको म्हणाले, जाऊ नको म्हणाली नाही, आणि मला तेच बरं वाटलं. जाऊ अजून म्हणते, "शेठना दिसलंच असतं, पण निदान आपण बोललो तर नसतो." यावर मला उत्तर सुचत नाही.

परवा सहावा हप्ता द्यायला गेले. तिनं पाचशेची नोट घेतली, डब्यातून दोनशे काढून माझ्या हातावर ठेवले आणि वहीत पाचशेच मांडले. म्हणाली, "वन्संना दाखवा म्हणून मीच म्हटलं होतं." अजून चार हजार शंभर राहिलेत.