‘जसे होते तसे’ म्हणजे कोणासाठी?

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ पासून पॅलेस थिएटर या नावाने गाजलेले हे रंगमंदिर जळताना साऱ्या शहराने पाहिले. रंगकर्मी रस्त्यावर आले आणि एकच मागणी सर्वमुखी झाली : नाट्यगृह जसे होते तसे पुन्हा उभे करा. सरकारने निधी जाहीर केला, महापालिकेने पुनर्बांधणी हाती घेतली. मागणी रास्तच होती. मात्र ‘जसे होते तसे’ या तीन शब्दांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फारसा कोणी विचारला नाही. जसे होते, ते कोणासाठी होते?

१९१५ सालच्या वास्तुकाराने चाकांच्या खुर्चीवरून येणारा प्रेक्षक कल्पिला नव्हता. त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी अपंग माणसाची जागा घराच्या कोपऱ्यात किंवा देवळाच्या पायरीशी, असे समाजानेच ठरवून टाकले होते. शंभराहून अधिक वर्षांनी सार्वजनिक पैशातून तीच वास्तू उभी राहताना मात्र ही सबब चालणार नाही. शिवाय ज्या राजाच्या नावाने वारशाची ग्वाही दिली जाते, त्याची कारकीर्द आठवावी. १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागा ठेवणाऱ्या शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे येथे माणसाचा विटाळ मानण्यास मनाई केली. सार्वजनिक वास्तू म्हणजे जिच्या दारातून कोणालाही परतवले जात नाही ती, हा त्या हुकुमाचा आशय होय. पायऱ्यांनी परतवलेला माणूस आणि पहारेकऱ्याने परतवलेला माणूस यांत, परतणाऱ्याच्या दृष्टीने, कितीसा भेद आहे?

यावर नगरपालिकांच्या सभागृहांत हमखास ऐकू येणारा आक्षेप असा की, ‘असे प्रेक्षक येतात तरी किती?’ अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातील चूक कळावी. तिकीटबारीवर मोजली जाते ती बारीपर्यंत पोचलेल्यांची मागणी. जो दारापर्यंतच पोचू शकत नाही, त्याची इच्छा कोणत्याही हिशेबवहीत उमटत नाही. पूल नसलेल्या नदीवर पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवण्यातला हा प्रकार आहे. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदवल्या. त्यात गुडघे धरलेली, कानांनी मंद झालेली, दोन माणसांच्या आधाराने चढणारी वृद्ध मंडळी जवळजवळ धरलेलीच नाहीत, आणि संगीत नाटकाचा निष्ठावान प्रेक्षक आज बहुतांशी याच वयाचा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो पूर्वी कायद्यातच लिहून ठेवला होता. १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत उतार व सोयीची स्वच्छतागृहे करण्यास सांगितले खरे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवून. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने नव्या इमारतींच्या बाबतीत ती बुजवली. सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर आराखड्याला मंजुरी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती; नियम २०१७ च्या जूनमध्ये आले, मुदत २०२२ मध्ये सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम नुसते शिफारशीवजा असल्याबद्दल सरकारला फटकारले आणि बंधनकारक मानके करण्यास सांगितले. (२०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. शब्द दिव्य झाला. पायऱ्या ऐहिकच राहिल्या.)

पैशाविषयी खरे सांगायचे तर महाग पडते ते नंतर फोडून करणे. उताराचे मान एकास बारा आहे. जोते तीन फूट उंच असेल तर छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो, वर विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्या. कर्णयंत्रात रंगमंचावरचा आवाज थेट पोचवणारी तारेची वेटोळी जमिनीखाली घालायची असतात. फरशी बसण्यापूर्वी त्यांना लागणारा खर्च आणि बसल्यानंतरचा खर्च यांची तुलना कोणताही ठेकेदार करून देईल. चाकांच्या खुर्चीची जागाही विचाराने ठरवावी लागते. शेवटच्या रांगेच्या मागे, पंख्याखाली एक कोपरा सोडला की कर्तव्य संपले, ही समजूत अपमानकारक आहे. माणूस नाटकाला एकटा येत नाही. त्याला बायकोमुलांच्या, मित्रांच्या शेजारी बसायचे असते. आणि स्वच्छतागृह! ते नीट नसले की तीन अंकांच्या भीतीने दुपारपासून पाणी न पिणाऱ्या स्त्रिया नाटकाला यायचेच सोडून देतात.

पण सर्वांत दुर्लक्षित भाग पडद्यामागचा आहे. सारी चर्चा अपंगांना प्रेक्षक धरून चालते, कलावंत धरून नव्हे. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन नटनटींना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगभूमीवर आणले, तेव्हा रंगमंचाचा प्रत्येक पाऊलभर भाग त्या कलावंतांनी अंगात भिनवला होता. ज्या रंगमंचावर चढायला विंगेतील अरुंद लाकडी जिनाच असतो, ज्याचा रंगपट दोन पायऱ्या खाली असतो, तेथे चाकांच्या खुर्चीवरील नटाला भूमिका मिळणार कशी? त्याला उचलून वर ठेवण्यास चार हात पुढे येतील, यात शंका नाही. मात्र रोज उचलून ठेवल्या जाणाऱ्या माणसाशी कोणतीही नाटक कंपनी करार करत नाही. हा करमणुकीइतकाच रोजगाराचाही प्रश्न आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांना यात नवे काही वाटू नये. सेवा दलाचे कलापथक मैदानात, चौकात, गिरणगावातल्या चाळींपुढे उभे राही. तेथे पायरी नव्हती, तिकीट नव्हते. कुबड्या घेतलेला माणूस गर्दीत इतरांसारखाच बसे. बंदिस्त नाट्यगृहाने ध्वनी दिला, प्रकाश दिला आणि न सांगता काही माणसे वगळली. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराविषयी पाडावे की राखावे यावर वर्षानुवर्षे शाई खर्ची पडली. त्या शाईतले किती थेंब या वगळलेल्यांच्या वाट्याला आले?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी राखावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. हा पैसा सायकली आणि काठ्या यांच्या वाटपसमारंभांत खपवणे सोपे असते, कारण तेथे छायाचित्र निघते. म्हणून नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा ठराव ज्या ज्या गावच्या सभेपुढे येईल, तेथे पक्षाच्या शाखेने आराखड्याची प्रत मागावी. स्थानिक अपंग संघटनांच्या प्रतिनिधींना ती दाखवावी, शक्य तर त्यांच्यासह जागेवर फिरावे आणि हरकती लेखी नोंदवाव्यात. हे निविदा निघण्यापूर्वी व्हावे. खुर्च्या बोल्टने पक्क्या झाल्यावर अभियंता सहानुभूती दाखवतो, जागा दाखवत नाही.