'नंतर' म्हणजे कशाच्या नंतर?

नालासोपाऱ्यात भाड्याचे घर बघत होतो. नाव ऐकताच एजंटने विचारले, "मूळचे कुठले?" इथलाच म्हटल्यावर तो हसला. "तुमचे लोक नंतरचे ना!"

नंतरचे म्हणजे कशाच्या नंतरचे? वसईचा इतिहास मे १७३९ पासून, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हापासून मोजायचा, अशी इथे पद्धत पडली आहे. मग सोपाऱ्यात अशोकाचे शिलालेख कुणाचे? अरब प्रवासी 'सुबारा' म्हणून ज्याची नोंद करतात, ते बंदर कुठले?

आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्यात संजाण मंडळाच्या एका 'ताजिक', म्हणजे अरब, कारभाऱ्याचा उल्लेख येतो. नाव मधुमती, अभ्यासक ते मुहम्मदचे संस्कृत रूप मानतात. हा माणूस तलवार घेऊन आला नव्हता, राष्ट्रकूटांनीच त्याला नेमले होते. त्याने नदी ओलांडायला मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र काढून लोकांना भात, कालवण आणि तूप वाढले. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन मिळाली, तोच या ताम्रपटाचा विषय. अकराशे वर्षे झाली या गोष्टीला. शाळेच्या कुठल्या पुस्तकात वाचली का?

पण आपलेही काही भाऊबंद उत्तर द्यायला सुलतानांची यादी काढून बसतात, ते मला तितकेच खटकते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने होळकरांच्या भीतीने याच वसईत इंग्रजांशी तह केला. एक सुलतान, एक पेशवा. दोघांनी आपली गादी वाचवली. वाडीतल्या, कोळीवाड्यातल्या माणसाला कुणी विचारले नाही. या दोघांपैकी एकाची लाज मी का बाळगू, आणि दुसऱ्याचा अभिमान एजंटने का?

२००९ मध्ये महापालिका झाली, तेव्हाही गावे नको म्हणत होती. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तरेतून माणसे आली, लोकलला लटकली, टँकरच्या रांगेत उभी राहिली. त्या रांगेत मूळ गाव कुणी विचारत नाही. घराची चावी देताना मात्र विचारतात, आणि तेही सगळ्यांना नाही.