निळ्या पाटीची जबाबदारी

वेल्सच्या वायव्य भागात, स्नोडोनियाच्या डोंगररांगांच्या दक्षिण अंगाला, कोइड-अ-ब्रेनिन नावाचे एक विस्तीर्ण सरकारी जंगल आहे. ते काही अनादिकालापासूनचे अरण्य नव्हे. पहिल्या महायुद्धात इमारती लाकडाची टंचाई जाणवल्यावर 1919 मध्ये ब्रिटिश सरकारने जे वनखाते नव्याने स्थापन केले, त्याने लाकडाच्या बेगमीसाठी सूचिपर्णी वृक्षांच्या रांगाच्या रांगा लावून ते वाढविले, आणि 1935 साली पंचम जॉर्जच्या कारकीर्दीचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा त्याचे कोइड-अ-ब्रेनिन, म्हणजे ‘राजाचे वन’, असे नामकरण केले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच जंगलात डॅफिड डेव्हिस नावाच्या एका वनरक्षकाने केवळ सायकलस्वारांसाठी म्हणून डोंगरातून वाटा खणण्याचा उद्योग आरंभिला. त्या वेळी त्यात कोणाला फारसे तथ्य दिसले असेल असे वाटत नाही, परंतु हेतुपुरस्सर बांधलेल्या डोंगरी सायकलवाटांचे ब्रिटनमधील पहिले केंद्र म्हणून आज या जंगलाचे नाव घेतले जाते, आणि डेव्हिस यांनाही पुढे या कामाबद्दल ‘एम.बी.ई.’ हा राजसन्मान मिळाला.

या जंगलाची कीर्ती पसरली ती मुख्यतः तेथील अवघड वाटांमुळे. ‘बीस्ट ऑफ ब्रेनिन’ या काळ्या पाटीच्या, म्हणजे सर्वांत अवघड पायरीच्या, वाटेवरून उतरून आलेला स्वार तिचे वर्णन मित्रमंडळींत वर्षभर पुरवून सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु महाराष्ट्राच्या वाचकांपुढे मला जिचा दाखला ठेवावयाचा आहे, ती ‘मायनॉरटॉर’ नावाची वाट निळ्या पाटीची, म्हणजे अवघडपणाच्या पायरीने खालून दुसरी आहे. आईबापांच्या मागोमाग लहान मूल तिच्यावरून निर्धास्त जाऊ शकते. इतकेच काय, ज्यांचे पाय निकामी झाले आहेत अशी माणसेदेखील, अर्धवट पहुडून हातांनी पॅडल फिरवावयाच्या रुंद सायकलींवरून, त्या वनश्रीच्या ऐन गाभ्यात शिरू शकतात. अशा सायकलीला मागे फिरण्यासाठी जागा लागते, तिचे एक चाक जरी कडेच्या दगडावर चढले तरी ती कलंडण्याची धास्ती असते, आणि तिचा स्वार उतरून तिला ढकलू शकत नाही. तेव्हा वाटेची रुंदी, वळणांचा घेर आणि आडवा कल या तिन्ही गोष्टींचा विचार आखणीच्या वेळीच व्हावा लागतो. डोंगराळ मुलखातील सायकलवाटांची योग्यता त्यांच्यातील सर्वांत सोप्या वाटेवरून जोखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण असे की, अवघड वाट ही बव्हंशी आपोआप मिळते. पावसाने उकरलेली आणि गुरांनी तुडविलेली कोणतीही घाटउतरणीची ढोरवाट घ्या; तिच्यावर लाल-काळी पाटी ठोकली की झाले, कारण तिच्यावर जाणारा मनुष्य आपल्या जिवाची आणि हाडांची काळजी स्वतः वाहण्याची तयारी ठेवूनच आलेला असतो. सोपी वाट मात्र बांधावी लागते, आणि ती बांधण्यात डोंगराच्या स्वभावाशी, त्यातही पाण्याशी, गाठ असते. वाटेचा खरा वैरी सायकलीचे चाक नसून पाणी होय. वाटेचा उतार ज्या डोंगरकुशीतून ती जाते तिच्या उताराच्या निम्म्याहून अधिक झाला, की वरून आलेले पाणी वाट ओलांडून दरीकडे जाण्याऐवजी वाटेलाच आपला ओढा समजू लागते, आणि दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर घळ पडते. म्हणून जाणते बांधणारे सरासरी चढ शेकडा दहाच्या आत राखतात, वाटेला दरीच्या बाजूस किंचित कल देतात, आणि उतरत्या वाटेला ठरावीक अंतरावर हात-दोन हात पुन्हा वर चढवितात. त्या उंचवट्याआधीच्या खळग्यात पाणी थबकते आणि तिथूनच बाहेर पडते. स्वाराला मात्र आपण लाटेवर झुललो एवढेच जाणवते, त्यामागची योजना त्याच्या गावीही नसते. वेल्समध्ये पाऊस बारमाही असल्यामुळे कोइड-अ-ब्रेनिनच्या वाटा जागोजाग दगडांनी मढविलेल्या आहेत. दगड आडवा अंथरला तर चाकाखाली सरकतो, म्हणून तो उभा रोवून, शेजारच्याला घट्ट भिडवून ठोकावा लागतो, आणि अशी दहा-पंधरा हात वाट पुरी होईतो दिवस मावळतो.

सह्याद्रीत तर पावसाचे मान याहूनही प्रखर. महाबळेश्वरावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. अशा मुलखात मुरूम टाकून आणि रूळ फिरवून केलेली ‘सायकल ट्रॅक’ नावाची वस्तू पहिल्या श्रावणातच दरीत पोहोचेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. तरीही हलका चढ कसा साधावा हे ज्ञान आपल्याला परके नाही. 1907 मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी कोठेही वीस फुटांमागे सुमारे एका फुटाहून अधिक चढत नाही, आणि त्यासाठी तिने डोंगराला घातलेली वळणे प्रवाशांच्या पिढ्यान् पिढ्यांनी खिडकीतून मोजली आहेत. त्याही आधी, बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोणी लादून वंजाऱ्यांचे तांडे कोकण आणि देश यांच्यामध्ये ये-जा करीत, तेव्हा लादलेल्या बैलाला झेपेल तीच त्यांची वाट असे. सगळ्याच जुन्या वाटा अशा सौम्य नाहीत, हे खरे. नाणेघाटाच्या दगडी पायऱ्यांवरून सायकल नेण्याचा हट्ट कोणी धरू नये.

ब्रिटनमध्ये हिरवी, निळी, लाल आणि काळी अशा चढत्या अवघडपणाच्या चार पाट्या वापरतात. त्या पाटीचा रंग वाटेच्या सरासरी काठिण्यावरून ठरत नसतो. जो टाळताच येत नाही अशा सर्वांत कठीण अडथळ्यावरून तो ठरतो, कारण नऊ मैल सुखाने आल्यावर दहाव्या मैलाला पुरुषभर उंचीचा कातळ समोर ठाकला, तर त्या नऊ मैलांचे सुख कोणाच्या उपयोगी पडावे? अवघड वाट बांधताना तर ते लोक आणखी एक शहाणपणा करतात. तिच्या तोंडाशीच, पहिल्या वळणाच्या आत, पुढे जे काही येणार आहे त्याचा एक नमुना मांडून ठेवतात, म्हणजे ज्याला तो झेपत नाही त्याने तिथूनच परतावे. पाटी ही त्यांच्या लेखी सरकारने नागरिकाला दिलेली हमी असते. आपल्याकडील पर्यटनस्थळांच्या पाट्यांवर उद्घाटनकर्त्यांची नावे ज्या आकाराच्या अक्षरांत रंगविलेली असतात, त्याच्या चौथाईनेही पुढच्या वाटेचे वर्णन नसते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे नियम यांवर त्याचा भर आहे, आणि तो योग्यच आहे; पण ‘साहस’ या कल्पनेच्या ओघात उद्या एखाद्या जिल्ह्यात सायकलवाटांची योजना आली, तर पुण्यामुंबईच्या ज्या मोजक्या मंडळींपाशी लाखाच्या घरातील सायकली आहेत त्यांच्याच सोयीने ती आखली जाण्याचे भय मला वाटते. मानव विकास कार्यक्रमातून शासन ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना सायकली देत आले आहे. वाडीवरून गावच्या शाळेत येणाऱ्या मुलीची ती सायकल डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबते आणि पुढचा चढ ती दप्तरासकट ढकलीत नेते. शंभर हातांत पाच हात चढणारी, पाण्याने न खचणारी, निळ्या पाटीची वाट त्या वाडीपर्यंत गेली, तर रविवारी शहरचा पाहुणा आणि सोमवारी ती मुलगी, अशी दोघांचीही सोय एकाच खर्चात होते. काळ्या पाटीच्या वाटेला असा सोमवार नसतो.

या योजनेला वनस्पतिशास्त्रज्ञांचा आणि वनखात्याचा आक्षेप येईल, आणि एका मर्यादेपर्यंत मी त्यांच्या बाजूचा आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कासचे पठारही आहे. तिथल्या कातळावरची माती काही ठिकाणी बोटभरदेखील खोल नसते, आणि त्या बोटभर मातीत जी फुलझाडे नांदतात त्यांच्यावरून चाक नेणे हा शुद्ध अडाणीपणा होय. अशा सड्यांवर कोणत्याही रंगाची पाटी नको. परंतु कोइड-अ-ब्रेनिन हेही माणसाने लावलेले, लाकडासाठी तोडावयाचे जंगल आहे, हे विसरता कामा नये. आपल्याकडे वनखात्याने लावलेली सागाची राने आहेत, धरणांच्या जलाशयांकाठी पडून राहिलेल्या जुन्या बैलगाडीवाटा आहेत. तिथे वनसंवर्धन कायद्याची रीतसर मंजुरी घेऊन, देवराया आणि सडे वगळून, काम करता येईल.

राहता राहिली निगा, आणि खरी गोम इथेच आहे. वेल्समधील नैसर्गिक संपत्तीचा कारभार पाहणाऱ्या शासकीय संस्थेने पैशाच्या टंचाईपायी 31 मार्च 2025 रोजी कोइड-अ-ब्रेनिनच्या अभ्यागत केंद्रातील उपाहारगृह आणि दुकान बंद केले. वाटा उघड्या राहिल्या, स्थानिक लोकांनी निषेध केला, केंद्र गावकऱ्यांच्या हाती द्यावे अशी मागणी पुढे आली. ज्या देशात ही कल्पना रुजली तिथेही असे घडते. मग आपल्याकडे, जिथे बांधकामाची तरतूद एका खात्यातून, झाडे दुसऱ्या खात्याची आणि दुरुस्ती बिनखात्याची असा शिरस्ता आहे, तिथे काय होईल हे वेगळे सांगावयास नको. उद्घाटनाच्या पुढच्याच आषाढात एक दरड येईल, खळगा गाळाने भरेल, आणि निळी पाटी मात्र कायम राहून नवख्या माणसाला खड्ड्यात घालील.

म्हणून माझी सूचना अशी की, अशी कोणतीही वाट मंजूर करताना तिच्या अंदाजपत्रकात पहिला आकडा दुरुस्तीचा असावा, आणि ते काम वनखात्याने गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे ठरल्या मेहनतान्यावर सोपवावे. जून लागताच वाट बंद करावी. भादवा सरता सरता समितीच्या दोन माणसांनी कुदळ-फावडे घेऊन वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहावी, खळग्यांतला गाळ काढावा, निखळलेले दगड पुन्हा उभे रोवावेत आणि वनपालासमक्ष पंचनामा करून मगच ती दसऱ्याला खुली करावी. ज्या वर्षी या दोन माणसांची मजुरी थकेल, त्या वर्षी पाटी उतरवून समितीच्या कार्यालयात ठेवण्याचा अधिकारही त्यांनाच असावा, आणि वरच्या साहेबांनी त्याबद्दल त्यांना जाब विचारू नये.