सक्ती कोणावर?

आजारपणाच्या खर्चाने कुटुंबेच्या कुटुंबे कर्जात बुडतात, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो उपायाबद्दल. प्रत्येक नागरिकास आरोग्यविमा सक्तीचा करावा, असे म्हणणारा एक पक्ष आहे. सुमारे ४० कोटी लोक कोणत्याही संरक्षणाविना आहेत, असे निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने सांगितले. तेव्हा या कल्पनेची भुरळ पडावी यात नवल नाही. परंतु विम्याने बिल भागते, रुग्णालय उभे राहत नाही, हा भेद विसरून चालणार नाही.

हैदराबादच्या जामबागेचे उदाहरण घेऊ. विवेकवर्धिनीमुळे मराठी माणसाला हा भाग परका नाही. फुलांच्या बाजारासाठीही तो प्रसिद्ध आहे. तेथे हार ओवणाऱ्या बाईवर किंवा ओझी वाहणाऱ्या हमालावर विम्याची सक्ती करावयाची कशी? कर्मचारी राज्य विमा कायद्याने १९४८ मध्येच आपल्याकडे सक्तीचा विमा आणला. २०१९ मध्ये त्याचा हप्ता मालकासाठी वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगारासाठी पाऊण टक्का असा ठरला. पण ज्याला वेतनच नाही आणि ठरलेला मालकही नाही, त्याचा हप्ता कापणार कोठून? अमेरिकेने २०१० च्या कायद्याने विमा न घेणाऱ्यास दंड लावला. तो केंद्रीय दंडही २०१९ पासून शून्यावर आला.

गरिबाचा भार सरकारनेच उचलावा, हा दुसरा मार्ग. संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ मध्ये राजशेखर रेड्डी यांनी आरोग्यश्री योजना सुरू केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी योजना आली. तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली. या योजनांनी मोठ्या शस्त्रक्रिया गरिबाच्या आवाक्यात आणल्या, हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि, त्यांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांवर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीसाठी हमालाला खिशातच हात घालावा लागतो. शिवाय थकबाकीपायी तेलंगणातील खासगी रुग्णालयांनी २०२५ मध्ये आरोग्यश्रीची सेवा थांबविली. पैसे वेळेवर पोहोचले नाहीत, तर हातातल्या कार्डाचे मोल ते काय?

जामबागेच्या रहिवाशाला जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे उस्मानिया. जुलै २०२० मध्ये तेथील वॉर्डांत पावसाचे पाणी शिरले आणि जुनी वास्तू रिकामी करावी लागली. नव्या रुग्णालयाची पायाभरणी शेजारच्या गोशामहलमध्ये झाली ती ३१ जानेवारी २०२५ रोजी. आरोग्यश्रीची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाखांवर नेण्यास डिसेंबर २०२३ मध्ये एक आदेश पुरला. कोनशिलेला मात्र साडेचार वर्षे लागली. आमच्या मते, आरोग्यधोरणाचे सारे दुखणे येथे आहे.

आमच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. सिंधुदुर्गातील अत्यवस्थ रुग्ण बांबोळीच्या वाटेला लागतो, तो कार्ड नसते म्हणून नव्हे. जवळ डॉक्टर आणि यंत्रसामग्री नसते म्हणून. सक्ती हवीच, पण ती प्रथम सरकारवर हवी. रुग्णालयांची देणी ठरल्या मुदतीत चुकती करण्याची, बाह्यरुग्णाला औषध देण्याची आणि सरकारी रुग्णालये सुस्थितीत राखण्याची सक्ती. एवढे झाल्यावर नागरिकाकडे हप्ता मागावा. त्याआधी मागणे म्हणजे विहीर खणण्यापूर्वीच पाणीपट्टी वसूल करणे होय.