धोट्याचे छिद्र आणि छायाचित्राचे मौन

१/
औद्योगिक वारशाची छायाचित्रे आज समाजमाध्यमांवर विपुल दिसतात. गंजलेली चाके, फुटक्या तावदानांतून येणारे तिरपे ऊन, झाडोऱ्यात बुडालेली चिमणी. ती सुंदर असतात, यात वाद नाही. परंतु इतिहासाचे साधन म्हणून त्यांपैकी बहुतेक दुबळी आहेत, असे माझे मत आहे. या धाग्यात त्याची कारणे क्रमाने मांडावयाची आहेत.

२/
ही शंका जुनी आहे. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने १९३१ साली असे प्रतिपादन केले की क्रुप किंवा एईजी यांच्या कारखान्याचे छायाचित्र त्या संस्थांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. भिंती दिसतात, धुराडी दिसतात. पण मजुरी, कामाचे तास आणि कोणी कोणाच्या हाताखाली राबायचे याचे नियम छायाचित्रात उमटत नाहीत.

३/
त्याच जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९पासून वेगळी वाट धरली. पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरील पाळण्यांचे मनोरे हे त्यांचे विषय. मोठा कॅमेरा, ढगाळ आकाश, समोरून घेतलेला सरळ कोन; नाट्य नाही की सावल्यांचा खेळ नाही. एकाच प्रकारच्या अनेक वास्तू शेजारी शेजारी मांडल्या की त्यांतील साम्य आणि भेद आपोआप बोलू लागतात.

४/
या शिस्तीचे फळ ठोस होते. डॉर्टमुंडची झोलर्न ही कोळसा खाण १९६६ साली बंद पडली आणि तिचे देखणे यंत्रगृह पाडण्याचे घाटत होते. ते वाचवण्याच्या प्रयत्नांत बेखर दांपत्यही होते. १९६९ साली त्या वास्तूला संरक्षण मिळाले. पुढे १९९०च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत या दोघा छायाचित्रकारांना पुरस्कार मिळाला, तो चक्क शिल्पकलेसाठी!

५/
बेखर यांच्या चौकटीत माणूस मात्र जवळजवळ नाहीच. त्यांचा हेतू वास्तूचे रूप नोंदवण्याचा होता आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे पुरा केला. अडचण त्यांचे अनुकरण करणाऱ्यांची आहे. त्यांनी शिस्त टाकली आणि रिकामेपण तेवढे उचलले. माणूस वगळला की यंत्र निरागस दिसू लागते. ते तसे नसते.

६/
मुंबईचेच पाहा. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि त्यातून पुढे गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, चिमणी मात्र राखलेली आहे. तिची छायाचित्रे रोज निघतात. साळखात्यात काय चाले, हे त्यांतून कळत नाही.

७/
आता एक लहानशी वस्तू घ्या : धोटा. मागावर बाण्याचे सूत इकडून तिकडे नेणारे हे लाकडी साधन. आत सुताची कांडी, टोकाशी एक बारीक छिद्र. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक त्या छिद्रातून बाहेर काढायचे. ते काढण्याची झटपट रीत म्हणजे छिद्राला तोंड लावून सूत ओढून घेणे. तोच धोटा पुढे दुसऱ्या विणकराच्याही तोंडी जाई.

८/
मुंबईच्या गिरण्यांत जातिभेदाने नेमका याच छिद्राचा आधार घेतला. दलित कामगाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकरांना चालत नसे. म्हणून चांगल्या मजुरीचे विणकाम दलितांना बंद आणि कमी मजुरीची कताईची खाती तेवढी खुली. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे रोखठोक मांडला.

९/
संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेल्या धोट्याचे कितीही सुरेख छायाचित्र काढा. पॉलिश केलेले लाकूड दिसेल, पितळी टोके चमकतील. अस्पृश्यता दिसणार नाही. ती वस्तूत नव्हती, वस्तू वापरण्याच्या रीतीत होती. म्हणूनच माझा आग्रह असा : यंत्राचे नव्हे, यंत्रावरच्या कामाचे छायाचित्र हवे.

१०/
हे जमते, याचा दाखला अमेरिकेत आहे. १९०८पासून लुईस हाईन बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्यांत हिंडला. सूतकताईच्या यंत्राशेजारी मूल उभे करून त्याने दोघांचे प्रमाण एकाच चौकटीत आणले. मुलांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांशी ताडून पाही आणि वय, काम, ठिकाण टिपून ठेवी. ती टिपणे नसती तर ही छायाचित्रे केवळ करुण ठरली असती. टिपणांमुळे ती पुरावा ठरली.

११/
‘हे काम लेखाचे, छायाचित्राचे नव्हे’, असा आक्षेप कोणी घेईल. तो अर्धा खरा आहे. छायाचित्र एकटे पुरे पडत नाही, हे ब्रेख्तनेच सांगितले. पण हाताची ठेवण, पाठीचा बाक, कान यंत्राकडे लावून उभे राहण्याची लकब या गोष्टी शब्दांत नीट मावत नाहीत. उमेदवाराला कसब शिकवणारा जुना कारागीर सांगतो थोडे, करून दाखवतो जास्त. ते करून दाखवणे टप्प्याटप्प्याने टिपता येते.

१२/
तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी जुन्या कारखान्यात शिराल तेव्हा आधी परवानगी घ्या, मग बेखर यांची शिस्त आणि हाईनची वही दोन्ही सोबत ठेवा. यंत्रावरची निर्मात्याची पाटी टिपा, झिजलेली मूठ टिपा. आणि ते यंत्र चालवलेला माणूस भेटला तर त्याच्या संमतीने त्याचे हात टिपा. कोणती वस्तू कोण हाताळी आणि कोणाला हाताळू दिली जात नसे, हेही त्याला विचारा.

१३/
१९८२च्या संपात पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. चिमणी आणखी पन्नास वर्षे उभी राहील, तिची घाई नाही. घाई आहे ती त्या माणसाची.