अनुभवाचे मोल, वेगाचे माप

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा २०२५ चा हंगाम संपला तेव्हा विश्वविजेतेपद मॅक्लारेन संघाच्या लँडो नॉरिसकडे गेले. तथापि त्या वर्षी ज्याच्या कामगिरीची प्रत्येक शर्यतीनंतर चिरफाड होत राहिली, तो विजेता नव्हे, तर सात वेळा विश्वविजेता ठरलेला लुईस हॅमिल्टन होता. मर्सिडीज संघाशी असलेला बारा वर्षांचा ऋणानुबंध तोडून वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो फेरारी या इटालियन संघात दाखल झाला. तेथे त्याचा सहकारी होता त्याच्याहून पावणेतेरा वर्षांनी लहान असलेला शार्ल लेक्लेर. वर्षअखेरचा हिशेब पुरेसा बोलका आहे. लेक्लेर २४२ गुण, हॅमिल्टन १५६. लेक्लेर सात वेळा पहिल्या तिघांत आला. हॅमिल्टन एकदाही नाही. मार्चमध्ये चीनमधील शनिवारची छोटी शर्यत त्याने जिंकली, एवढाच काय तो दिलासा. ऑगस्टमध्ये हंगेरीत लेक्लेरने पात्रता फेरीत अग्रस्थान पटकावले आणि हॅमिल्टन बारावा राहिला, तेव्हा आपण निरुपयोगी ठरलो आहोत, संघाने बहुधा दुसरा चालक शोधावा, अशा शब्दांत त्याने स्वतःचीच निर्भर्त्सना केली.

या आकड्यांवरून दोन तऱ्हेचे निष्कर्ष काढले गेले. एका पक्षाच्या मते हॅमिल्टनचे दिवस भरले. वय कोणाला चुकले आहे? दुसऱ्या पक्षाच्या मते केवळ वेगावरून अनुभवी चालकाची पारख करणे अन्यायाचे आहे. निकी लाउडाने नाही का आपल्याहून वेगवान सहकाऱ्याला मागे टाकून विजेतेपद मिळवले? दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. त्यांची शहानिशा करायची तर मुळात सहकाऱ्याशी होणारी तुलना काय मोजते आणि काय मोजत नाही, हे पाहिले पाहिजे.

मोटारशर्यतीत यश माणसाचे किती आणि यंत्राचे किती, हा जुना वाद आहे. क्रिकेटमध्ये दोन फलंदाज एकाच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांविरुद्ध खेळतात. मोटारशर्यतीत मात्र प्रत्येक संघ आपली गाडी आपण घडवतो. म्हणून उत्तम चालक सामान्य गाडीत बसला तर दहावा येतो आणि बेताचा चालक उत्कृष्ट गाडीत बसला तर तिसरा. अशा परिस्थितीत चालकाच्या कौशल्याचा खरा अंदाज देणारी व्यक्ती एकच उरते, ती म्हणजे त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत बसलेला सहकारी. इंजिन तेच, टायर तेच, तंत्रज्ञांचा ताफा तोच. मग उरलेला फरक माणसाचा. शर्यतीच्या जगात म्हणूनच सहकारी हा पहिला प्रतिस्पर्धी मानला जातो.

परंतु हे माप जितके सरळ दिसते तितके नाही. चालकाची परीक्षा दोन दिवशी होते. शनिवारी पात्रता फेरी असते. तीत एकच फेरा जिवाच्या आकांताने मारायचा असतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर स्थान ठरते. रविवारी सुमारे तीनशे किलोमीटरांची शर्यत असते. तीत टायर जपणे, इंधन पुरवणे, कोठे झेपावायचे आणि कोठे सबुरीने घ्यायचे याचा विवेक राखणे, या गोष्टींना मोल येते. पहिली परीक्षा उपजत वेगाची, दुसरी व्यवहारज्ञानाची. वयाने पहिल्या परीक्षेतील धार बोथट झालेला चालक दुसऱ्या परीक्षेत ती उणीव भरून काढू शकतो, हा अनुभवी चालकांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे.

तो आधार म्हणजे १९८४ चा हंगाम. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा १९७५ आणि १९७७ चा विश्वविजेता. १९७६ च्या ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंग येथे पेटलेल्या गाडीत तो होरपळला, मृत्यूच्या दारातून परतला, १९७९ मध्ये निवृत्त झाला आणि १९८२ मध्ये मॅक्लारेन संघातून पुन्हा शर्यतीत उतरला. १९८४ मध्ये फ्रान्सचा आलँ प्रोस्त त्याचा सहकारी झाला. लाउडा पस्तिशीचा, प्रोस्त एकोणतीस वर्षांचा. वेगाच्या बाबतीत तुलनाच नव्हती : सोळा पात्रता फेऱ्यांपैकी पंधरांत प्रोस्त पुढे होता. शर्यतीही प्रोस्तने सात जिंकल्या, लाउडाने पाच. तरीही वर्षअखेर लाउडाचे गुण भरले ७२ आणि प्रोस्तचे साडेएकाहत्तर. अवघ्या अर्ध्या गुणाने लाउडा तिसऱ्यांदा विश्वविजेता ठरला.

हे घडले कसे? लाउडाने सोळांपैकी दहा शर्यतींत गुण मिळवले आणि त्या दहांत पाच वेळा पहिला, चार वेळा दुसरा आणि एकदा चौथा आला. गाडी शेवटपर्यंत पोचली की भरघोस गुण पदरात पडणारच, अशी त्याची शिस्त होती. शनिवारच्या एका फेऱ्यात प्रोस्तला गाठणे आपल्याला जमणार नाही, हे त्याने ओळखले आणि आपली शक्ती गाडी रविवारसाठी सिद्ध करण्यावर केंद्रित केली. त्या वर्षी शर्यतीसाठी इंधनाची मर्यादा २२० लिटर होती आणि मध्येच इंधन भरण्यास बंदी होती. त्यामुळे पायाखालचा वेग हातचा राखून वापरण्याला विशेष महत्त्व आले होते. मायभूमीतील ऑस्ट्रियाच्या शर्यतीत तो आघाडीवर असताना त्याच्या गाडीचा चौथा गिअर निकामी झाला. पाठीमागच्या नेल्सन पिकेला त्याचा सुगावा लागू न देता त्याने गाडी शेवटास नेली आणि शर्यत जिंकली. प्रोस्त त्याआधीच रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरून बाहेर पडला होता. हंगामाची अखेरची शर्यत पोर्तुगालमध्ये एस्तोरिल येथे झाली. प्रोस्त जिंकला, परंतु अकराव्या स्थानावरून निघालेला लाउडा दुसरा आला आणि त्याला तेवढेच पुरेसे होते.

येथपर्यंतची कथा अनुभवाच्या विजयाची आहे. परंतु तिची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती बोधकथा होईल, विश्लेषण होणार नाही. एस्तोरिलला दुसऱ्या स्थानावर असलेल्या नायजेल मॅन्सेलचे ब्रेक ऐन वेळी निकामी झाले नसते, तर लाउडा तिसरा राहिला असता आणि विजेतेपद प्रोस्तकडे गेले असते. मोनॅको येथील शर्यत मुसळधार पावसामुळे निम्मे अंतरही न कापता थांबवण्यात आली, म्हणून विजेत्या प्रोस्तला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. ती शर्यत पूर्ण झाली असती आणि पाठीमागून झपाट्याने येणाऱ्या आयर्टन सेनाने प्रोस्तला मागे टाकले असते, तरीही दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण मिळून प्रोस्तची बेरीज ७३ झाली असती. अर्ध्या गुणाच्या अंतरात कौशल्य किती आणि नशीब किती, हे वेगळे करून दाखवणे कोणालाही शक्य नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, तोच लाउडा त्याच संघात केवळ तीन शर्यतींत गुण मिळवू शकला. त्याची एकूण बेरीज झाली १४. प्रोस्त विश्वविजेता झाला. त्या वर्षी लाउडाची गाडी वारंवार नादुरुस्त झाली हे खरे. आणि जी एक शर्यत त्याने जिंकली, ती नेदरलँड्समध्ये प्रोस्तलाच पाव सेकंदाहून कमी अंतराने मागे ठेवून, हेही खरे. बारा महिन्यांत माणूस इतका बदलत नाही. बदलली ती परिस्थिती.

१९८४ च्या उदाहरणातील मर्म नेमके येथे आहे. त्या वर्षी मॅक्लारेनने सोळांपैकी बारा शर्यती जिंकल्या. इतर संघांच्या मानाने ती गाडी इतकी सरस होती की अकराव्या स्थानावरून निघूनही दुसरे येता येत असे. लाउडाचा अनुभव फळला, कारण शनिवारी गमावलेले रविवारी परत मिळवण्याइतकी शिल्लक त्याच्या यंत्रात होती. फेरारीची २०२५ मधील गाडी तशी नव्हती. चोवीस शर्यतींपैकी एकही मुख्य शर्यत त्या संघाला जिंकता आली नाही. त्यातच त्या वर्षी पात्रता फेरीची पद्धत अशी होती की वीस गाड्यांतून आधी पाच गळत, मग आणखी पाच. गाड्यांच्या वेगात फारसे अंतर न उरलेल्या त्या काळात सहकाऱ्याहून सेकंदाचा दोन-तीन दशांश भाग मागे राहणे म्हणजे एक स्थान गमावणे नव्हे. कधी पाच, कधी आठ स्थाने गमावणे होय. त्यातून वर येण्याची विद्या हॅमिल्टन विसरला होता, असे म्हणवत नाही. इमोला येथे बाराव्या स्थानावरून तो चौथा आला. अबू धाबीत सोळाव्यावरून आठवा. परंतु रविवारचे कौशल्य शनिवारची तूट भरण्यातच खर्ची पडले. पुढे जाण्यासाठी हाती काही उरले नाही.

याचा अर्थ हॅमिल्टनची कामगिरी चांगली होती असा मात्र नाही. हंगामाच्या शेवटच्या तिन्ही ठिकाणी तो पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाला, त्याच गाडीत लेक्लेर पुढे जात असताना. शहाऐंशी गुणांची तफावत दुर्दैवाच्या खाती जमा करता येत नाही. लाउडा हळू होता, पण त्याच्या हळूपणातून गुण निघत होते. हॅमिल्टनच्या बाबतीत २०२५ मध्ये ते घडले नाही. एवढे स्पष्टपणे मान्य केल्याशिवाय त्याच्या बाजूने काहीही बोलणे म्हणजे भक्ताने देवाची बाजू घेण्यासारखे होईल.

तरीही ‘संपला’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी आणखी एक दाखला ध्यानात घ्यावा. सात विजेतेपदे मिळवून निवृत्त झालेला मायकेल शूमाकर २०१० मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मर्सिडीज संघातून परतला. सहकारी निको रोझबर्ग तोवर एकही शर्यत जिंकलेला नव्हता. पहिल्या वर्षी रोझबर्गचे गुण १४२, शूमाकरचे ७२. तिन्ही वर्षे रोझबर्गच पुढे राहिला. एका नवख्याने एका महापुरुषाचे वाभाडे काढले, असा त्याचा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. पुढे शूमाकरच्या जागी हॅमिल्टन आला, चार वर्षे रोझबर्गबरोबर झुंजला आणि २०१६ मध्ये रोझबर्गने त्यालाच पाच गुणांनी हरवून विश्वविजेतेपद घेतले. तेव्हा उमगले की ज्या मापाने शूमाकरला मोजले गेले ते मापच पुष्कळ उंच होते. सहकारी हा मापदंड खरा. पण त्या मापदंडाची लांबी किती, हे कित्येकदा नंतर कळते. लेक्लेर एका फेऱ्याच्या वेगात आजच्या अग्रगण्य चालकांत गणला जातो आणि २०२५ हे त्याचे फेरारीतील सातवे वर्ष होते. ते घर त्याला पाठ होते; हॅमिल्टनला तेथील उंबरठाही नवा होता.

यातला एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. २००७ मध्ये बावीस वर्षांचा हॅमिल्टन मॅक्लारेन संघात आला तेव्हा त्याचा सहकारी दोन वेळचा विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो होता. त्या वर्षी दोघांचेही गुण १०९ भरले. तेव्हा प्रस्थापिताला हादरा देणारा वेगवान तरुण हॅमिल्टन होता. मर्सिडीजकडे येण्याविषयी २०१२ मध्ये त्याचे मन वळवणाऱ्यांत खुद्द निकी लाउडा होता. ज्या दोन भूमिकांची ही तुलना आहे, त्या दोन्ही हॅमिल्टनच्या वाट्याला आल्या. पहिली त्याने उत्तम वठवली. दुसरी त्याला २०२५ मध्ये साधली नाही.

हा प्रश्न शर्यतीच्या मैदानापुरता नाही. कचेरीत सेवाज्येष्ठ लिपिक आणि नव्याने आलेला चपळ सहकारी शेजारी बसतात; शाळेत तीस वर्षे शिकवलेले गुरुजी आणि ताज्या दमाचा शिक्षक एकाच शिक्षक-खोलीत वावरतात. त्यांचीही तुलना होते आणि ती बहुधा दोन टोकांनी होते : एकतर ज्येष्ठतेपुढे सर्व दोष माफ, नाहीतर वर्षाच्या गोपनीय अहवालातील एका शेऱ्यावर तीस वर्षांचा निकाल. मोटारशर्यतीचा धडा दोहोंच्या मधला आहे. मागील पुण्याईने यंदाचे गुण वाढत नाहीत, हे ज्येष्ठांनी मानले पाहिजे. आणि मंदावलेला माणूस उपयुक्त ठरतो की ओझे होतो, हे त्याच्या वयाइतकेच त्याच्या हाती दिलेल्या साधनांवर आणि त्याच्यासाठी आखलेल्या कामावर अवलंबून असते, हे तोलणाऱ्यांनी विसरता कामा नये.

तेव्हा २०२५ विषयीचा न्याय्य निवाडा असा : लेक्लेर निर्विवाद सरस ठरला, हॅमिल्टनचा शनिवारचा वेग घटल्याचे उघड दिसले, आणि ती घट झाकण्याइतकी शिल्लक फेरारीच्या गाडीत नव्हती. वय हे त्याचे एकमेव कारण आहे, असे एका हंगामावरून सिद्ध होत नाही. परंतु लाउडाचे नाव घेऊन त्या घटीवर पांघरूण घालणेही योग्य नाही. लाउडाने वेगवान सहकाऱ्याला हरवले ते आपण हळू आहोत हे प्रथम स्वतःशी कबूल करून, आणि त्याप्रमाणे आपले काम बदलून. अनुभव ज्याला म्हणायचे तो हाच. केवळ वर्षांची बेरीज म्हणजे अनुभव नव्हे.