कंबर, मणका आणि ऑपरेशनचा फैसला

आमच्या शाळेत आम्ही सतरा शिक्षक. त्यातल्या सहा जणांच्या खुर्चीवर उशी आहे, दोघींच्या कंबरेला पट्टा आहे आणि एका सरांच्या खणात खडूच्या डबीशेजारी गोळ्यांची पट्टी कायम असते. दिवसभर उभं राहून शिकवायचं, वह्यांचे गठ्ठे वरच्या वर्गात न्यायचे, घरी येऊन पुन्हा ओट्यापुढे उभं राहायचं. त्यामुळे एरवी मुलांच्या अभ्यासावर लिहिणारी मी या वेळी मणक्यावर लिहिते आहे, याचं तुम्हाला फार नवल वाटू नये. मी डॉक्टर नाही. पण गेल्या चार वर्षांत आमच्या घरात दोन मणक्यांचे फैसले करावे लागले, एक माझा आणि एक अम्मीचा. दोन्ही वेगवेगळे झाले. ते का, एवढंच सांगायचं आहे.

माझं दुखणं दहावीचे पेपर तपासण्याच्या दिवसांत सुरू झालं. आधी कंबर, मग उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पायाच्या करंगळीपर्यंत. शिंक आली तरी पायात वीज चमकायची. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. खाला म्हणाल्या, पायाळू माणसाचा पाय लावून घे, उसण लगेच उतरते. भाभींनी हिजामा करणाऱ्याचा नंबर आणून दिला. शेजारच्या काकूंनी त्यांचा जुना पट्टा धुऊन पाठवला. या सगळ्यांची माया मी नाकारत नाही. तेलानं, शेकानं आखडलेले स्नायू सैल होतात, हिजामानंही काहींना बरं वाटतं. पण दबलेली नस त्यानं मोकळी होत नाही. आणि दुखऱ्या कंबरेवर कुणाला पाय द्यायला लावणं किंवा मणका ‘बसवून’ घेणं मला तरी मंजूर नव्हतं.

एमआरआय झाला. कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी बाहेर आली आहे आणि नस दाबते आहे, असा रिपोर्ट. पहिल्या सर्जननी फोटो दिव्यासमोर धरला आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन करा म्हणाले, नाहीतर पाय लुळा पडेल. माझ्या पायाला त्यांनी हातही लावला नाही. आम्ही दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मला चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर. टाचणीनं पाय टोचून पाहिला, घोट्याच्या मागे हातोडीनं ठोकलं, लघवी नीट होते का ते विचारलं. फोटो त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिला. म्हणाले, “मॅडम, नस दुखते आहे, पण मेलेली नाही. ताकद पूर्ण आहे. सहा आठवडे थांबू. पाऊल लटकं वाटलं तर मात्र त्याच दिवशी या.”

हे ‘थांबू’ म्हणजे चालढकल नव्हती, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट कडी आणि आत मऊ गर. कडी फाटली की गर बाहेर येतो, नसेला दाबतो आणि तिथे सूजही आणतो. फाटलेली गादी आणि पायातली कळ यांचा हा संबंध अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली बोस्टनहून मांडला आणि तेव्हापासून गादीची ऑपरेशनं रूढ झाली. पण बाहेर आलेला तो गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं. नेदरलँडमध्ये दीड ते तीन महिने सायटिका सहन केलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करून पाहिले होते. त्याचा निकाल २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन लवकर करायचं, दुसऱ्याला औषधं देऊन थांबायचं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, हे खरं. थांबलेल्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले शंभरातले ९५ जण बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे नस धोक्यात नसेल तर प्रश्न ‘ऑपरेशन की अपंगत्व’ असा नसतोच. किती दिवस कळ सोसणं तुम्हाला परवडतं, असा तो असतो. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि ते चुकीचं नसतं. मला पगारी रजा होती. मी थांबले.

थांबले म्हणजे खाटेवर पडून राहिले नाही. आपल्याकडे कंबर धरली की महिनाभर फळीवर झोपवायची पद्धत आहे. फिनलंडमध्ये १९९५ साली पाहिलं, की अचानक कंबर धरल्यावर जमेल तसं रोजचं काम करत राहिलेली माणसं अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरली. मी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चालले, फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेले व्यायाम केले, पाण्याची कळशी उचलणं यांच्याकडे आणि मुलाकडे सोपवलं. नवव्या आठवड्यात पोटरीतली कळ उतरली. अजूनही एसटीचा लांबचा प्रवास झाला की करंगळी मुंग्यांनी आठवण करून देते, पण अल्हम्दुलिल्लाह, सहाच्या सहा तास उभी राहून शिकवते.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि ते ऐकून धडधाकट माणूस वाकायचं सोडतो. अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते, १९९४ साली. निम्म्याहून जास्त लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा निघाला. केस पांढरे व्हावेत तशा गाद्या झिजतात. फोटोतली झीज आणि अंगातलं दुखणं यांची जोडी जुळते की नाही, हे हात लावून तपासणारा डॉक्टरच सांगू शकतो.

आता अम्मीचं. ती एकाहत्तर वर्षांची आहे. तिचं दुखणं निराळं आहे, हे मला सगळ्यात आधी जानमाजवर जाणवलं. माझी कंबर धरली होती तेव्हा मला कयामात उभं राहता यायचं, पण रुकूत वाकलं की कळ पायात उतरायची आणि सजदा तर नकोसा व्हायचा. अम्मीचं नेमकं उलटं. कयामात दोन मिनिटांत तिचे दोन्ही पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या, आणि रुकूत गेली की तिला हायसं वाटायचं. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे. गादी सरकलेल्याला बहुधा वाकणं जाचतं. मणक्यातला नसांचा मार्ग म्हाताऱ्या हाडांनी आणि जाड झालेल्या पडद्यांनी अरुंद झालेला असेल, तर वाकल्यावर तो थोडा उघडतो. म्हणून अशी माणसं भाजीच्या गाडीवर रेलून उभी राहतात, बसली की बरी होतात, उठून चालली की पुन्हा तेच. एवढ्यावरून घरच्या घरी निदान करू नका. चालताना पोटऱ्या दुखणं पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानंही होतं, साखरेमुळे नसाही बिघडतात. अम्मीच्या पायाच्या नाड्या आणि साखर दोन्ही तपासून मगच एमआरआय झाला.

‘वय झालं’ या दोन शब्दांखाली तिचं दुखणं वर्षानुवर्षं झाकलं गेलं होतं. आधी ती पंधरा मिनिटं चालायची, यंदा तीन-चार मिनिटांवर आली. व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, मणक्यात इंजेक्शन झालं. त्यानं दीड महिना बरं वाटलं. गादीचा गर जिरतो तसं वाढलेलं हाड जिरत नाही. म्हणून माझ्या वेळी जे थांबणं शहाणपणाचं होतं, ते तिच्या बाबतीत कामाचं नव्हतं.

तरी कोणतं ऑपरेशन, हा प्रश्न उरलाच. एका ठिकाणी सांगितलं, मार्ग मोकळा करू आणि सोबत स्क्रू-रॉड घालून मणके पक्के करू. खर्च जवळजवळ दुप्पट. आम्ही सगळे कागद घेऊन एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत रांग लावली. तिथल्या डॉक्टरांनी अम्मीला पुढे वाकवून आणि मागे झुकवून एक्स-रे काढले. मणके जागच्या जागी होते, हलत नव्हते. म्हणाले, नुसता मार्ग मोकळा करणं पुरे. नंतर वाचनात आलं, की स्वीडनमध्ये अशाच २४७ रुग्णांवर हा प्रश्न तपासला होता, त्याचा निकाल २०१६ साली आला. स्क्रू घातलेले आणि न घातलेले, दोन वर्षांनी दोघांत फरक दिसला नाही. स्क्रू वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मणका मोडला असेल, जंतूंनी पोखरला असेल, हलत असेल, तर ते लागतातच. पण ‘का घालायचे?’ हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

सर्जनसमोर आपण फार संकोचतो. तेव्हा प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. दुखणं पायाचं जाईल की कंबरेचं? हे नक्की विचारा, कारण दबलेल्या नसेमुळे होणारी पायाची कळ ऑपरेशननं जशी जाते, तशी नुसती कंबरदुखी जात नाही. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३४९ रुग्णांवर केलेल्या तुलनेत, २००५ साली, मणके जोडण्याचं ऑपरेशन हे कसून केलेल्या व्यायामापेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. मग विचारा, ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांत काय होईल? जंतुसंसर्ग, नसांभोवतीचा पडदा फाटणं, पायात रक्ताची गाठ होणं, यांचा धोका माझ्या वयाला आणि साखरेला किती? खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे भरती होण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

काही खुणा मात्र अशा आहेत की तिथे दुसरं मत, तिसरं मत करत बसायचं नाही. लघवी अडकली, किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, बसायच्या जागेची आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे एक दिवसाचा उशीर जन्मभराचा होऊ शकतो. आमच्या नात्यातल्या एका भावाचं पाऊल दोन दिवसांत लटकं पडलं, चप्पल पायातून निसटायला लागली. त्याचं ऑपरेशन तातडीनं झालं आणि तो आज रिक्षा चालवतो. त्याला कुणी माझं उदाहरण देऊन थांबवलं असतं तर अनर्थ झाला असता. आणखी एक, कंबरदुखीबरोबर संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. आपल्या देशात तो अजून आहे आणि बहुतेकदा औषधांनीच बरा होतो. बायका अधूच्या जागेचा बधिरपणा आणि लघवीचा त्रास सांगायला लाजतात. जावेला सांगा, मुलीला सांगा, पण सांगा.

अम्मीच्या फैसल्यासाठी आमच्याकडे भाईजान, खाला, मामू सगळे जमले होते. मामू म्हणाले, मणक्याला चाकू लागला की माणूस खाटेला खिळतो, आपल्या मोहल्ल्यात अमक्याचं असंच झालं. भाईजान म्हणाले, लवकर उरकून टाकू. तासभर चर्चा झाली आणि अम्मी आतल्या खोलीत लसूण सोलत होती. तिला बोलावून विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, “कंबर दुखली तर दुखू दे. मला बहिणीकडे माझ्या पायानं जायचंय.” खालांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, वर्षभर अम्मी तिथे रिक्षानं जाते. पायांनी चालता यावं हीच तिची गरज होती, आणि या ऑपरेशनकडून नेमकी तेवढीच अपेक्षा ठेवता येते, असं डॉक्टरही म्हणाले. तिथे चर्चा संपली.

तिची एकच चिंता होती, खुर्चीवर बसून नमाज पढायची. तिला ते आळशीपणाचं वाटायचं. आमच्या मौलाना साहेबांनी तिला हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची गोष्ट सांगितली. त्यांना मूळव्याध होती आणि उभं राहणं जमेना तर बसून, तेही जमेना तर कुशीवर नमाज पढायची मुभा त्यांना प्रेषितांकडून (स.) मिळाली होती. तेव्हापासून हॉलमध्ये खिडकीजवळ बिनहाताची लाकडी खुर्ची ठेवली आहे. ऑपरेशननंतरचे काही आठवडे तीच लागणार आहे.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरलं आहे, म्हणजे मला रजा टाकावी लागणार नाही. संडासात कमोडची उंच सीट बसवून घेतली, रोजचे डबे खालच्या कप्प्यातून ओट्यावर आले, आणि सहा आठवडे काही उचलायचं नाही हे अम्मीला रोज एकदा सांगायचं काम नातीकडे दिलं आहे. दुवा करा. कसं पार पडलं ते पुढे कळवीनच. सहामाहीच्या निकालांवर तुमची जी पत्रं आली आहेत, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात.